टपावरचे मिठागर

दसऱ्याला झेंडूची माळ मिरवलेली गाडी दिवाळीला पुन्हा न्हाऊ घालायची, हा आता घरोघरचा कुळाचार झाला आहे. माणसांच्या अभ्यंगाला पहाटेचा मुहूर्त. गाडीच्या स्नानाला मात्र, का कोण जाणे, भर दुपारचा! धुणारा बिचारा तासभर खपतो आणि गाडी वाळली की काळ्याभोर टपावर पांढरे ओघळ असे उमटतात, की त्यापेक्षा धूळ बरी होती असे वाटावे. मग साबणाला बोल लावायचा, फडक्याला लावायचा.

खरा अपराधी निराळाच आहे. वसईच्या किल्ल्याजवळच्या पाचूबंदरात राहणाऱ्याला तो चटकन ओळखता यावा. मिठागरात काय होते? भरतीचे पाणी कोंडले की ऊन ते आटवते. पाणी उडून जाते, मीठ मागे उरते. टपावर वाळणारा प्रत्येक थेंब म्हणजे असेच एक चिमुकले मिठागर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे सोडा. पिण्याच्या पाण्यातही लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार भारतीय मानकाला मान्य आहेत. म्हणजे १५ लिटरच्या बादलीत साडेसात ग्रॅम! डाग मळाचा नव्हे, पाण्याचाच.

तेव्हा गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा निवू द्यावा. आधी नुसत्या पाण्याने रेती ओघळू द्यावी. कोरडे फडके फिरवले तर तीच रेती ओरखडे काढते. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा सौम्य शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. टपापासून खाली यावे, चाके शेवटी. एकेक भाग धुवावा आणि फेस वाळण्याआधी उतरवावा. शेवटचे पाणी मात्र घरातले सर्वांत गोडे, तांब्याने संथ सोडलेले, म्हणजे ते एकसंध पडद्यासारखे घसरते. लगेच मायक्रोफायबरचे जाड फडके पसरून अलगद ओढावे, घासू नये. पाठोपाठ दुसरे कोरडे फडके. दारांच्या फटी आणि आरशांच्या कडा विसरू नयेत. उशिरा टपकणारे थेंब तिथेच दडलेले असतात. जुने डाग असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन पुसावे व लगेच धुऊन टाकावे. खाऱ्या वाऱ्याच्या गावी गाडीचे पोटही धुवावे, कारण मीठ ओल धरून ठेवते आणि गंज तिथून सुरू होतो.

पण पाइप सोडून नव्हे! किनाऱ्यालगत जमिनीतल्या गोड्या पाण्याचा बेसुमार उपसा झाला, की त्याच्या जागी समुद्र आत सरकतो आणि विहीर मचूळ होते. टँकरवाल्यांच्या उपशाविरुद्ध १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची मंडळी उभी राहिली, ती उगाच नव्हे. आज आपण पाइपने गोडे पाणी उधळायचे, आणि उद्या त्याच विहिरीच्या खाऱ्या पाण्याने टपावर ओघळ उठले की कपाळाला हात लावायचा! हा कुठला न्याय? दोन-तीन बादल्यांत गाडी लखलखते. चौथी लागली तर फडके बदलावे.

बाकी या दिवसांत पाचूबंदरात दोऱ्यांवर टांगलेले बोंबील पाहून फसू नये. बोंबील उन्हावर सोपवावा. गाडी आपल्या हातांनी वाळवावी.