पिल्लामागची आई कायद्याला दिसायला हवी

पाळीव कुत्र्यांच्या व्यापारी पैदाशीसाठी केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी स्वतंत्र नियम लागू केले. त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २६१व्या अहवालात अशा नियमनाची गरज मांडली होती. नियमांचा मजकूर आपल्या पशुवैद्यक व्यवसायातील प्रत्येकाने एकदा मुळातून वाचावा असा आहे. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही ब्रीडर म्हणून धंदा करता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिला भरवता येत नाही. वर्षातून एकच वेत, उभ्या आयुष्यात पाच, आणि आठ वर्षांनंतर एकही नाही. मेटिंगआधी ती निरोगी असल्याचे पशुवैद्यकाने प्रमाणित करायचे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. यातील बहुतेक अटी मादीच्या रक्षणासाठी आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ही मादीच कोणाला दिसत नाही. गिऱ्हाईक पिल्लू पाहते, महापालिका मालकाच्या घरातला कुत्रा पाहते, दवाखान्यात लसीकरणाचे कार्ड येते. कायद्याने जिला संरक्षण दिले तिच्यापर्यंत कायदा पोहोचावा असा रस्ता नियमांत आखलेलाच नाही. तो आखावा, ही या संपादकीयाची मागणी आहे.

हा दोष कुठे सर्वांत ठळक दिसत असेल तर तो दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात. हे क्षेत्र दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान अशा चार राज्यांच्या कारभारात विभागलेले आहे आणि ब्रीडरची नोंदणी ज्याच्या-त्याच्या राज्यात होते. पिल्लू एका राज्यातल्या शेडमध्ये जन्मते, दुसऱ्या राज्यातला दलाल मोबाइलवर त्याचे फोटो टाकतो आणि ते तिसऱ्या राज्यातल्या सोसायटीत पोहोचते. तक्रार कोणाकडे करायची, इथपासून घोळ सुरू होतो. दिल्लीत महापालिका अधिनियम, १९५७च्या कलम ३९९ खाली कुत्र्याची नोंदणी होते. नोएडा आणि गाझियाबाद येथेही पाळीव प्राण्यांच्या नोंदणीची व्यवस्था आहे. पण या साऱ्या नोंदी खरेदीदाराच्या दारापासून पुढे सुरू होतात. पिल्लू कोणत्या मादीचे आणि तिचे ते कितवे वेत, याचा माग त्या नोंदींतून लागत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे कार्यालय २०१८ मध्ये चेन्नईहून याच क्षेत्रात, फरिदाबादजवळच्या बल्लभगडला आले. म्हणजे देशातील सर्वोच्च सल्लागार संस्था ज्या परिसरात बसते, तिथेच हा धंदा राज्यांच्या सीमांचा आडोसा घेऊन चालतो.

आता त्या मादीकडे पाहू. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. गाभण काळ ६३ दिवसांचा, त्यापुढे दूध पाजण्याचे आठ आठवडे. प्रत्येक माजाला भरवली तर वर्षातील जवळजवळ आठ महिने ती गाभण तरी असते किंवा पाजती तरी. अशी चार-पाच वर्षांची मादी तपासणीच्या टेबलावर येते तेव्हा तिचे शरीर हीच तिची नोंदवही असते. सड लोंबलेले, पोटाच्या मध्यरेषेवर सिझेरियनच्या जुन्या व्रणाला लागून नवा व्रण, जाळी चावून झिजलेले सुळे, चालणेच नसल्याने वाढून वळलेली नखे, ओल्या फरशीवर राहून लाल झालेल्या पंजांच्या गाद्या. चपट्या तोंडाच्या जातींत तर मादीला स्वतःहून विणेही कठीण. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरियर या तिन्ही जातींत ८० टक्क्यांहून अधिक वेते सिझेरियनने झाल्याचे आढळले. अशा मादीचे वेत मोजणे म्हणजे तिच्यावर होणाऱ्या शस्त्रक्रिया मोजणेच होय.

आईकडे झालेले दुर्लक्ष पिल्लाच्या आजारातून बाहेर येते. पाचव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लाचा वरच्या खाण्याचा आणि लसीचा खर्च सुरू होतो. नेमके तेव्हाच ते विकले गेले की तो खर्च वाचतो. मग कार्डावर जन्मतारीख मागे ढकललेली असते आणि लसीच्या स्टिकरच्या जागी नुसती सही असते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, स्वतःची तयार झालेली नसते, आणि त्याच काळात प्रवास, नवी जागा, नवे खाणे असा ताण पडतो. पार्व्हो विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. हे मधले दिवस ब्रीडरच्या पथ्यावर पडतात: पिल्लू त्याच्याकडून हसतेखेळते निघते, रक्ताचे जुलाब खरेदीदाराच्या घरी सुरू होतात आणि ‘आम्ही दिले तेव्हा ठणठणीत होते’ हे उत्तर खोडून काढता येत नाही. पिल्लाची नोंद आईच्या मायक्रोचिप क्रमांकाशी आणि जन्मतारखेशी बांधलेली असेल, तरच त्या उत्तराची शहानिशा होऊ शकते.

म्हणून नियमांत तीन बदल हवेत. पहिला, पैदाशीतील प्रत्येक मादीची मायक्रोचिप एका राष्ट्रीय नोंदवहीत असावी, प्रत्येक वेत तिच्या क्रमांकाखाली चढावे आणि विक्रीच्या प्रत्येक जाहिरातीत, समाजमाध्यमांवरच्याही, तो क्रमांक छापणे सक्तीचे व्हावे. दुसरा, पिल्लू जन्मस्थळीच, आईसोबत दाखवून विकावे. दलालामार्फत विक्री बंद व्हावी. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२०पासून सहा महिन्यांखालील पिल्लांची अशी त्रयस्थ विक्री बंद आहे. तिसरा, शिक्षेचा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या अधिनियमात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. जिथे एका पिल्लाची किंमत हजारांत मोजली जाते, तिथे या दंडाचा धाक कोणाला वाटणार? हा अधिनियम सुधारण्याचा मसुदा २०२२ मध्ये चर्चेसाठी प्रसिद्ध झाला; तो मार्गी लावणे संसदेच्या हाती आहे. पैदाशीचे हे नियम फक्त कुत्र्यांपुरते आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मांजरे, ससे, हॅमस्टर किंवा हौसेने पाळले जाणारे फेरेट यांच्या माद्यांसाठी वेतांची अशी मर्यादा नाही. कुत्र्यांसाठी उभी राहिलेली नोंदवही पुढे त्यांनाही लागू करता येईल.

यावर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. नियम कडक केले की घरगुती, प्रामाणिक ब्रीडर भरडला जाईल आणि चोरटा तसाच राहील, असे म्हटले जाते. पण वर्षाला एक वेत घेणाऱ्याला एक नोंद करायची आहे. ओझे पडेल ते वीस माद्या कोंडून ठेवणाऱ्यावर. जाहिरातीत क्रमांक सक्तीचा झाला की चोरट्याला गिऱ्हाईक मिळवणेच अवघड होईल. दुसरा आक्षेप असा की केनल क्लबचे प्रमाणपत्र असताना आणखी कागद कशाला? ते प्रमाणपत्र वंशावळ सांगते. मादी कशी ठेवली आहे, हे सांगत नाही. काहींना काही जातींवर बंदी हाच उपाय वाटतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींबाबत तसे पत्र काढले आणि संबंधितांचे म्हणणे ऐकले नाही म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले. न्यायालयाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, जातीवर बंदी घालून शेडमधील लॅब्रॅडोर मादीचे वेत कमी होत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न एवढा मोठा असताना पैदासच का चालू द्यायची, असा प्राणिमित्रांचा सवाल आहे. दत्तक घेण्याला आमचाही पाठिंबा आहे. पण धंदा चालू असेतोवर त्यातील मादीला वाऱ्यावर सोडता येणार नाही.

शेवटचा आक्षेप आपल्यातूनच येतो: पशुवैद्यक हा उपचार करणारा आहे, पोलीस नव्हे. मान्य. पण २०१७च्या नियमांनी मेटिंगआधीचा दाखला आपल्या सहीवर सोपवला आहे, आणि १९७८च्या वाहतूक नियमांनी प्रवासाआधीचा. मादी न पाहता दिलेला दाखला हा क्रूरतेला दिलेला परवाना ठरतो. तेव्हा कायदा बदलण्याची वाट न पाहता तीन गोष्टी आजपासून पाळूया. चिप वाचून क्रमांक लिहिल्याशिवाय कोणत्याही मादीचा आरोग्य दाखला देऊ नये. दातांवरून दिसणारे वय आणि कार्डावरची जन्मतारीख जुळत नसेल तर तसे केसपेपरवर स्पष्ट नोंदवावे. आणि सिझेरियन करताना ते कितवे आहे हे लिहून ठेवावे. जिल्हा आणि राज्य संघटनांनी या नोंदींच्या आधारे बल्लभगडच्या मंडळाकडे आणि केंद्रीय पशुसंवर्धन विभागाकडे राष्ट्रीय नोंदवहीची मागणी लेखी पाठवावी. ही मागणी पुराव्यानिशी करू शकेल असा व्यवसाय आपल्याइतका दुसरा नाही. ती आपणच करायला हवी.