पोळ कांद्याचे गरम सार

भगिनींनो, पौषातल्या थंडीत गव्हाला रात्रीचे पाणी भरून घरधनी पिंप्राळ्याकडच्या शिवारातून पहाटे गारठून परततात. त्यांच्यासाठी हे सार करा. खरिपाचा पोळ कांदा फार दिवस टिकत नाही. विकून उरलेली गोल्टी यात कामी येते.

पाव किलो कांदा पातळ चिरून दोन चमचे शेंगदाणा तेलात मंद आचेवर अर्धा तास तांबूस परता. घाई केलीत तर करपून कडू होतो. ठेचलेला लसूण व चमचाभर ज्वारीचे पीठ त्यातच परता. चार पेले गरम पाणी ढवळत ओता. मीठ, मिरपूड घालून दहा मिनिटे उकळा. शिळी भाकरी कुस्करून वाढा.

निंदणीला दिवसभर तुम्हीही वाकलेल्या असता. म्हणून आपला पेला आधी बाजूला काढून ठेवा.