नमुना आपला, तर लाभही आपला

पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवी लागणे, हे दोन-तीन आठवडे टिकले तर भगिनींनो, 'गॅस' समजून अंगावर काढू नका. ही अंडाशयाच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. हा रोग लवकर ओळखणारी खात्रीची चाळणी तपासणी अजून नाही.

संशोधक आता पेशीच्या आत शोध घेत आहेत. आपल्या जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग 'उड्या मारणाऱ्या जनुकां'पासून बनला आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ती मक्यात शोधली. १९८३ चे नोबेल त्यांना मिळाले. निरोगी पेशी त्यांना कुलूपबंद ठेवते. कर्करोगात कुलूप ढिले होते आणि शेजारच्या जनुकांचे चालू-बंद होणे बिघडू शकते.

या संशोधनाला रक्ताचे, गाठीचे नमुने लागतात. म्हणून आपला अनुभव आठवावा. १९९९ पासून आपल्या जिल्ह्यातील ४९७ गावांत सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. एचपीव्ही तपासणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे २००९ मध्ये जगाला कळले. मात्र तुलनेसाठी ३१ हजारांवर स्त्रिया तपासणीविना ठेवल्या होत्या.

आम्ही परिचारिका संशोधनाच्या विरोधात नाही. आमची मागणी एवढीच: संमतीपत्र मराठीत वाचून समजवा, निष्कर्ष गावात येऊन सांगा आणि त्यातून निघालेली तपासणी व उपचार सरकारी दवाखान्यात मोफत द्या. तोवर सही करण्याआधी प्रश्न विचारा. तो आपला हक्क आहे.