बँकॉक ‘झालं’, पण खाल्लं का?

आमच्या भिशीत हल्ली एक शब्द फार रुळलाय. ‘झालं.’ ‘आमचं सिंगापूर झालं गेल्या वर्षी.’ ‘आमचं बँकॉक-पट्टाया झालं, आता दुबई तेवढं राहिलंय.’ जणू काही पापड-कुरडया झाल्या, आता लोणचं घातलं की सुटलो! दुसऱ्यांना कशाला हसू, मीही त्यातलीच. दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीला माझंही बँकॉक झालं. सोबत माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या. मी त्यांना ताई म्हणते. भाऊजींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांच्या मुलाने पैसे भरले आणि म्हणाला, ‘आई, काकूबरोबर जाऊन ये. जरा मन रमेल.’

टूर तशी छान होती. खोटं कशाला बोला? सकाळी कांदेपोहे, दुपारी भारतीय हॉटेलात पनीर आणि फुलके, रात्री टूरबरोबर आलेल्या महाराजांच्या हातचा वरणभात. एके दिवशी तर श्रीखंडसुद्धा! बसमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रात्री ताई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘अगं, एवढ्या लांब आलो, विमानात बसलो, आणि ताटात तेच. घरी मी करत होते, इथे महाराज करतायत, एवढाच काय तो फरक.’

मी हसले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

दिवसभर आम्ही काय बघत होतो? राजवाडा बघितला, चाळीस मिनिटांत. हा राजवाडा 1782 साली बांधायला घेतलेला. त्याच्याच आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. नाव पाचूचं, मूर्ती मात्र हिरव्या जेड दगडाची, दोन-सव्वादोन फुटांची. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे वर्षातून तीनदा तिचे पोशाख बदलतात, आणि तो मान राजाचा. हे ऐकल्यावर ताईंना लगेच आपल्या विठोबाचे पोशाख आठवले. देवळाभोवतीच्या लांबच लांब ओसरीच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रांत. तिथे त्याला ‘रामाकियेन’ म्हणतात आणि रावणाला ‘तोत्साकान’, म्हणजे आपला दशकंठ. पांढराशुभ्र मारुती शोधत ताई एकेका चित्रापुढे उभ्या राहायला लागल्या, तोच गाईडने झेंडा वर केला. ‘चला, चला, बस उभी आहे!’

वाट फोच्या देवळातही तेच. 46 मीटर लांबीचा पहुडलेला सोनेरी बुद्ध. त्याच्या तळपायांवर शिंपल्यात जडवलेली 108 शुभचिन्हं. मागच्या बाजूला ओळीने 108 भांडी, एकेकात नाणं टाकत पुढे जायचं. त्या नाण्यांचा किणकिणाट अजून माझ्या कानात आहे. ताईंची नाणी अर्ध्यावर आली असतील, पुन्हा झेंडा वर!

शेवटच्या दिवशी दुपारनंतर ‘मोकळा वेळ, शॉपिंगसाठी’ असं कागदावर लिहिलेलं. सगळा ग्रुप मॉलमध्ये निघाला. ताई म्हणाल्या, ‘मला काही घ्यायचं नाही. मला नुसतं हिंडायचंय.’

मला घाम फुटला! भाषा येत नाही, गाव परकं आणि बरोबर एकसष्ट वर्षांच्या जाऊबाई. हॉटेलच्या काउंटरवर एक मुलगी होती. तिला खाणाखुणा करून विचारलं. तिने हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड हातात दिलं आणि एका कागदावर दोन ठिकाणांची नावं लिहून दिली. तेवढ्या दोन कागदांवर आम्ही निघालो. आधी खांबांवरून धावणारी स्कायट्रेन आणि मग चाओ फ्राया नदीतली साधी बोट. ही बोट म्हणजे आपल्या एसटीसारखीच. ऑफिसला जाणाऱ्या बायका, शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या. भिक्षूंसाठी वेगळी जागा राखलेली होती. तिथे बाईने भिक्षूला स्पर्श करायचा नसतो, हे मी वाचलं होतं, म्हणून आम्ही दोघी अंग चोरून उभ्या!

उतरलो ते फुलबाजारात. पाक ख्लोंग तलात असं त्याचं नाव. हा बाजार रात्रंदिवस चालू असतो. झेंडूचे ढीग, मोगऱ्याच्या कळ्या, कमळाचे मिटलेले कळे, आणि जमिनीवर बसून भराभर हार ओवणाऱ्या बायका. ताई तिथे पाच मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि हार ओवणाऱ्या त्या बाईकडे हात पुढे केला. तिने हसून सुई दिली. दोघींची एक अक्षर भाषा जुळत नव्हती, पण ताईंनी दहा-बारा कळ्या ओवल्या. वर्षभरात त्या फुलांजवळ गेल्याच नव्हत्या. मी काही बोलले नाही.

बाजाराबाहेर एक गाडी होती. गाडीवर काय दिसावं? आप्पेपात्र! अगदी आपलंच, फक्त खूप मोठं. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, वरून कांद्याची पात नाहीतर मक्याचे दाणे. खालून खरपूस, आतून लुसलुशीत, थोडं गोड, थोडं खारं. शिजले की दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर ठेवून देतात. नाव ‘खनोम क्रोक’. क्रोक म्हणजे खल, आणि खनोम म्हणजे गोडधोड खाऊ. अंडं नाही, मासळी नाही. ताई पक्क्या शाकाहारी. मी काउंटरवरच्या मुलीकडून कागदावर ते लिहूनच आणलं होतं. गाडीवालीने वाचलं आणि मान डोलावली.

ताईंनी स्वतःच्या पर्समधून नोट काढली, द्रोण हातात घेतला आणि तिथेच प्लास्टिकच्या लाल स्टुलावर बसून खायला सुरुवात केली. गरम, तव्यावरून थेट. दुसरा घास तोंडात असतानाच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, मी रस्त्यावर बसून, एकटीने, माझ्या पैशाने, गरम काही खाल्लं असेल असं मला आठवतच नाही गं.’

मैत्रिणींनो, एकसष्ट वर्षं! चाळीस वर्षं त्या घरात आप्पे झाले, घावन झाले, धिरडी झाली. तव्याशी त्या, आणि ताटात सगळे. शेवटचं, गार झालेलं, त्यांचं. यात कोणी वाईट नव्हतं. भाऊजी तर देवमाणूस होते. पण ‘तू बस, मी वाढतो’ म्हणायचं कोणाला सुचलंच नाही, आणि आम्हा बायकांनाही ते मागायचं सुचलं नाही.

म्हणूनच मला वाटतं, रस्त्यावरचं खाणं ही नुसती जिभेची गोष्ट नाही. बँकॉकमध्ये ते फार लख्ख दिसतं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बायका गाडीवर थांबतात, भात, भाजी, रस्सा पारदर्शक पिशव्यांत बांधून घेतात, वर रबरबँड, की निघाल्या घरी. थाई भाषेत अशा बायकांना ‘प्लास्टिकच्या पिशवीवाल्या गृहिणी’ असा शब्दच आहे. त्यात थोडी थट्टा आहे, हे खरं. पण शहरातल्या लहान खोल्यांत धड स्वयंपाकघर नसतं, बाई दिवसभर कामावर असते, मग करणार काय? आणि ते विकणारीही बहुतेक वेळा बाईच. एकीच्या हाताला काम, दुसरीच्या हाताला विसावा.

यातल्याच एका बाईचं नाव आता जगभर झालंय. जे फाय! सत्तरी ओलांडलेली ही आजी डोळ्यांवर मोठा गॉगल चढवून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट करते. 2017 च्या डिसेंबरात तिच्या साध्या दुकानाला मिशेलिनचा तारा मिळाला. मोठमोठ्या हॉटेलांना मिळावा म्हणून शेफ जिवाचं रान करतात, तो मान! तिचं खाणं आता स्वस्त राहिलेलं नाही आणि आमच्या ताईंच्या कामाचंही नाही. पण रस्त्याकडेच्या शेगडीपुढे उभी राहणारी बाई कारागीर असते, हे जगाने मान्य केलं, याचं मला अप्रूप आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2014 नंतर तिथल्या महापालिकेने पदपथ मोकळे करायची मोहीम जोरात घेतली आणि कितीतरी गाड्या वर्षानुवर्षांच्या जागेवरून उठल्या. चालायला रस्ता हवा, हे मलाही पटतं. पण गाडी उठते तेव्हा एक घर उठतं. आपल्या गावात स्टँडबाहेर वडे तळणाऱ्या मावशींची गाडी ‘अतिक्रमण’ म्हणून उचलतात, तेव्हा आपण ‘बरं झालं, गर्दी कमी झाली’ म्हणतो. आणि परदेशात जाऊन तशाच गाडीचे फोटो काढतो! हे काही मला पटत नाही.

काही जणी म्हणतील, ‘तुमचं ठीक आहे हो, आमचं पोट बिघडलं तर?’ म्हणा खुशाल. पथ्यपाणी असेल, मधुमेह असेल, तर महाराजांचं जेवण म्हणजे देवच पावला. माझं भांडण वरणभाताशी नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की पाच दिवसांतली एक संध्याकाळ आपली असू दे. एक पदार्थ आपल्या हाताने, आपल्या पैशाने घेऊन बघा.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगते.

सगळ्यात आधी कपडे. राजवाड्यात आणि देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा. चपला काढाव्या लागतात, तेव्हा पट्ट्यांची सँडल नको. राजवाड्याबाहेर कोणी गोड बोलून ‘आज बंद आहे, चला मी दुसरीकडे नेतो’ म्हणालं, तर ऐकू नका. टुकटुकमध्ये बसवून खड्यांच्या दुकानात नेण्याची ती जुनी युक्ती आहे. सरळ दारापर्यंत जा आणि स्वतः बघा. वाट फो बघून झालं की समोरच्या धक्क्यावरून छोट्या नावेने पलीकडच्या वाट अरुणला जा. आपल्या अरुणाचंच नाव. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं ते शिखर संध्याकाळच्या उन्हात बघावं.

खाण्यात शाकाहारींनी एक लक्षात ठेवा. तिथे आपल्या मिठासारखं माशाचं पाणी वापरतात, त्याला ‘नाम प्ला’ म्हणतात. साधी भाजी दिसली तरी त्यात ते असतं. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं, तर ती ‘जे’ खाण्याची गाडी. तिथे मांस-मासळी नाही, अंडी नाहीत, कांदा-लसूणसुद्धा नाही. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवस या पताका जिकडेतिकडे लागतात. आपल्या नवरात्राच्याच सुमाराला, बघा! कच्च्या पपईचं ‘सोम तम’ खलबत्त्यात कुटून देतात. मिरची, लसूण, लिंबू, गूळ, दाणे, चवळीच्या शेंगा, असं मस्त चटकदार! पण त्यात सुके झिंगे आणि माशाचं पाणी असतंच. नको म्हटलं तर घालत नाहीत, पण खल तोच. मी खाल्लं, ताईंनी नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

निर्धास्तपणे खावा असा आंबा-भात. चिकट तांदळाचा गोड भात, शेजारी पिकलेला आंबा, वरून थोडं खारट नारळाचं दूध. मार्च ते मे आंब्याचा मोसम. हापूसची सर नाही हो, पण भाताबरोबर आंबा ही कल्पनाच ताईंना इतकी आवडली की विचारू नका! आणि रात्री याओवारात, म्हणजे तिथली चिनी पेठ. एका बाजूला सोन्याची दुकानं, दुसऱ्या बाजूला धुराने भरलेल्या शेगड्या. 2019 पासून तिथे थेट मेट्रो जाते. काही खाल्लं नाही तरी चक्कर माराच. जिथे गर्दी आहे आणि समोर गरम करून देतात तिथेच खा, पाणी बाटलीचं घ्या, आणि हॉटेलचं थाई कार्ड पर्समध्ये ठेवा. एवढं पाळलं तर भ्यायचं कारण नाही.

आम्ही परत आलो तेव्हा ग्रुपमधल्या बायकांनी विचारलं, ‘काय काय घेतलंत?’ ताई म्हणाल्या, ‘काही नाही. खाल्लं.’

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. आप्पे चालले होते. नातू ताट घेऊन उभा. ताईंनी पहिले सात आप्पे काढले, स्वतःच्या बशीत घेतले आणि खुर्चीवर बसल्या. ‘थांब रे जरा, आजीचं होऊ दे. दुसरे तुझे.’ सुनेने नुसतं बघितलं, आणि मग हसून कालथा हातात घेतला.

पुढच्या वेळी टूरवाल्याकडे पैसे भरायला जाल तेव्हा ‘जेवणात काय काय आहे?’ हे जरूर विचारा. पण त्याच्याआधी विचारा, ‘मोकळ्या संध्याकाळी किती आहेत?’