दुर्मिळ व्याधी, दुर्मिळ गुरू

हजारांत वा लाखांत एखाद्यालाच जडणाऱ्या आनुवंशिक व्याधीच्या संशोधनावर सार्वजनिक पैसा का खर्चावा, असा प्रश्न व्यवहारी माणसे विचारीत असतात. मुंबईकराला त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी देशपांडे आणि भाटिया ह्यांनी येथे एक आगळा रक्तगट नोंदविला. ह्या माणसांना 'ओ' गटाचे रक्तदेखील चालत नाही. जगाने त्यास 'बाँबे' हे नाव दिले. भारतात सुमारे दहा हजारांत एकाच्या ठायी आढळणाऱ्या ह्या वैगुण्यानेच 'ए' व 'बी' हे गट कोणत्या मूळ द्रव्यापासून घडतात, ह्याचा उलगडा होण्यास साहाय्य झाले. अपवादाने नियम शिकविला!

ह्या शोधनिबंधावर लंडनच्या लिस्टर संस्थेतील मॉर्गन आणि त्यांच्या शिष्या विनिफ्रेड वॉटकिन्स ह्यांचीही नावे आहेत. वॉटकिन्सबाईंनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. गुरूने शिष्येचे नाव आपल्या नावाशेजारी बसविले. पुढे १९६९ साली त्या रॉयल सोसायटीच्या सदस्या झाल्या.

आज आपल्याकडे काय दिसते? २०२१ साली दुर्मिळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण आले. २०२२ साली उपचारार्थ साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांवर नेण्यात आली. हे स्वागतार्हच आहे. परंतु अशा आजारांपैकी शेकडा पाचांनाही निश्चित उपचार नसताना, औषध शोधणाराच नसेल तर हे साहाय्य खर्चावयाचे कशावर? कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती २०२३ साली दरमहा ३७,००० रुपये झाली. पण ती महिनोन्‌महिने थकते, ही तक्रार जुनीच आहे. घरभाड्याच्या विवंचनेत असलेल्या तरुणाने विखुरलेली कुटुंबे शोधीत गावोगाव हिंडावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

केवळ द्रव्याने हे काम होणार नाही, हेही तितकेच खरे. रुग्ण कसा पाहावा, वंशावळ कशी लिहावी, फसलेल्या प्रयोगातून काय शिकावे, हे ग्रंथात मिळत नाही. ते वडीलधाऱ्याच्या सहवासातच मिळते. शिष्याच्या श्रमावर स्वतःचेच नाव कोरणारा वरिष्ठ हा गुरू नव्हे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दुर्मिळ आजारांच्या प्रत्येक उत्कृष्टता केंद्रात, परळच्या के. ई. एम. रुग्णालयातही, तरुण संशोधकांसाठी निदान पाच वर्षांच्या जागा असाव्यात, वेतन पहिल्या तारखेस हाती पडावे आणि प्रत्येकामागे एक जबाबदार मार्गदर्शक नेमावा. मार्गदर्शकाचे मोजमाप त्याच्या निबंधांच्या संख्येवरून न होता, त्याने घडविलेल्या शिष्यांवरून व्हावे. ज्या शहराचे नाव एका दुर्मिळ रक्तगटास लाभले, त्याने हा पायंडा पाडावा, ही अपेक्षा गैर नव्हे.