बॅटरी शहराच्या मापाची, ट्रॅक्टर आपल्या रानाचा



ई-ट्रॅक्टरचा विषय निघाला की एक जण म्हणतो डिझेलची कटकट गेली, दुसरा म्हणतो हे तर खेळणं. माझं म्हणणं तिसरंच आहे. मोटारीत खोट नाही, बॅटरी आपलं काम बघून बनवलेली नाही.

हिशोब करा. लिटरभर डिझेलमधी साधारण १० युनिट ऊर्जा असते. इंजिनाची गरमी अन् धूर वजा जाता तीनेक युनिट कामाला येतात. काळ्या भारी रानात पलटी मारताना ४५ एचपीचा ट्रॅक्टर तासाला ५-६ लिटर पितो, म्हणजे १५-१८ युनिट. ४० युनिटची बॅटरी अडीच तासांत खाली. घरच्या ३ किलोवॅटवर ती भरायला १३-१४ तास, तेही लाईट राहिली तर. वापसा तेवढा थांबतो का?

म्हणून शेतीला एक मोठी बॅटरी नको, २०-२० युनिटच्या दोन पाहिजेत, चेन पुलीनं उचलून बदलता येतील अशा. एक रानात, दुसरी चार्जिंगला. ५ एचपीच्या सौर पंपाचे पॅनल पंप बंद असला की नुसतेच तापतात. त्यावर दिवसाकाठी एक भरू शकते. पण कंट्रोलरला तशी सोय द्यावी लागेल.

दुसरी गोष्ट वजनाची. स्कूटर, कारवाले बॅटरी हलकी करायच्या मागं आहेत. त्यांचं बरोबर आहे. पण आपण तर ट्रॅक्टर घसरू नये म्हणून पुढं लोखंडी वजनं लावतो, टायरमधी पाणी भरतो! जड बॅटरी आपल्याला चालते. पुण्यात केपीआयटी कंपनीनं आयसर संस्थेबरोबर केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सोडियम म्हणजे मिठातलं, लिथियमसारखं बाहेरून आणावं लागत नाही. ही बॅटरी तेवढ्याच युनिटला जरा जड पडते, एवढ्यावरून तिला मागं ठेवू नका. तिला लागणारा कार्बन काडीकचऱ्यापासूनही करता येतो. आपल्याकडं पऱ्हाटी बांधावर पेटवतात.

तिसरं, ऊन. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायच्या असतात. परभणीचा मे महिना सावलीतच तिथं जातो, पत्र्याच्या शेडचं तर विचारूच नका. अन् उन्हाळी नांगरट त्याच महिन्यात!

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात ई-ट्रॅक्टरला अनुदान ठेवलंय. चांगलं केलं. पण अनुदानानं किंमत उतरते, बॅटरी थंड होत नाही.

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दारात आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयासकट. तिथल्या साहेबांना अन् पुण्याच्या इंजिनिअर लोकांना सरळ मागणी आहे: मे महिन्यात, परभणीच्या भारी रानात, पलटी लावून चाचणी घ्या. किती तास चालली, किती तापली, आकडे मराठीत छापा. वॉरंटी वर्षांत नको, कामाच्या तासांत द्या. आपला ट्रॅक्टर हंगामात रात्रंदिवस चालतो अन् नंतर महिनोन् महिने उभा राहतो.

मंडळी, मेळाव्यात स्टॉलवर गेलात तर रंग अन् स्क्रीन बघू नका. पलटीवर किती तास, ४५ अंशांत चार्ज होते का, बिघडली तर तालुक्याला दुरुस्ती आहे का, हे तीन प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.