सफारी म्हणजे प्रवास, पळापळ नव्हे

परवा भाचा एक कागद घेऊन आला. म्हणाला, "मावशी, तू जाऊन आली आहेस, जरा नजर टाक." आठ दिवस, सात रात्री, केनिया आणि टांझानिया. अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो. मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "अरे, ही सहल आहे की टपालवाटप?"

तो हसला. मला काही हसू आलं नाही, कारण असाच एक कागद आम्ही 2019 साली पैसे मोजून घेतला होता. आणि घरात पुन्हा कोणी त्याच खड्ड्यात पडायला निघालं की मास्तरीण गप्प कशी बसणार!

आधी साधी वजाबाकी करू. टूरवाल्यांच्या आठ दिवसांत विमानाचे दोन दिवस धरलेले असतात. उरले सहा. त्यात अरण्यं पाच. अंबोसेली दक्षिणेला टांझानियाच्या हद्दीजवळ, नाकुरू नैरोबीच्या वायव्येला. मधे नैरोबी ओलांडायची, म्हणजे दिवस गाडीतच गेला. नैरोबी ते मारा सुमारे 270 किलोमीटर, पण पाच-सहा तास धरायचे. मारा आणि सेरेंगेटी तर नकाशावर एकमेकींना चिकटलेली, म्हणून कागदावर "सकाळी मारा, दुपारी सेरेंगेटी" असं सहज लिहिता येतं. प्रत्यक्षात त्या हद्दीवरून पर्यटकांना पलीकडे जाता येत नाही. पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा घालावा लागतो. हद्द सरळ ओलांडायची मुभा फक्त जनावरांना!

आता आमची कथा. विमान उशिरा पोचलं आणि आमची एक बॅग आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी दारात हजर. बॅगेसाठी थांबावं तर पुढचं सगळं बुकिंग बुडतं. निघालो. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत (चूक आमचीच, गोळ्या हातातल्या पिशवीत हव्या होत्या). बॅग तिसऱ्या दिवशी मिळाली. पहिला दिवस नैरोबीत मोकळा ठेवला असता तर गोळ्या आणायला निदान औषधाचं दुकान तरी गाठता आलं असतं.

परतीचंही तेच. सकाळी मारा सोडायचं आणि रात्रीचं विमान पकडायचं. नारोकच्या पुढे, माई माहियूच्या घाटात एक ट्रक आडवा झालेला. विमान मिळालं, पण ते तीन तास जिवाला जो घोर लागला तो मी विसरलेली नाही. मारामध्ये काय पाहिलं ते मात्र फोटो काढून बघावं लागतं.

आणि खरी रुखरुख वेगळीच आहे. अंबोसेलीला दलदलीत हत्तींचा कळप उतरला होता, पिल्लं पोटापर्यंत पाण्यात. ह्यांना तिथे नुसतं बसून राहायचं होतं. चालक सारखा घड्याळ बघत होता. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्या हातातही तोच कागद होता आणि संध्याकाळपर्यंत नाकुरू गाठायचं होतं. वीस मिनिटांत आम्ही निघालो. आता ह्यांची पाठ लांबचा प्रवास सोसत नाही. ते राहिलं ते राहिलंच.

टूरवाल्यांना मी एकट्यांना बोल लावत नाही. आपल्याला जे हवं तेच ते विकतात. "एवढे पैसे घालतोय तर सगळं बघून घेऊ" हा आपला हव्यास. सिंह झाला, गेंडा झाला, चला पुढे! शाळेच्या तपासणीला आलेले साहेबसुद्धा यापेक्षा जास्त वेळ वर्गात थांबायचे.

भाचा म्हणतो, "पण मावशी, मधले दिवस वाढवले की खर्च वाढतो." वाढवू नकोस ना! अरण्यं कमी कर. एकच देश, दोन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी तीन रात्री. जाताना एक दिवस नैरोबीत, परतताना एक रात्र नैरोबीत. झाले दहा दिवस. आठच दिवसांची रजा असेल तर एक ठिकाण गाळ, पण मोकळा दिवस गाळू नकोस. घाईत पैसेही वाचत नाहीत, बरं का. 2024 पासून माराच्या प्रवेशाचं तिकीट परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आहे आणि ते सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंतच चालतं. दुपारी चारला धापा टाकत फाटकाशी पोचलात, तर दोन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे मोजलेत.

नैरोबीतला दिवस वाया जातो, हेही खोटं. राष्ट्रीय संग्रहालयात तुर्काना मुलाचा सांगाडा आहे, 1984 साली सापडलेला, सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीचा. शहराला खेटूनच 1946 साली झालेलं राष्ट्रीय उद्यान आहे. अनाथ हत्तींची पिल्लं सांभाळतात ती जागा आहे, तिथे आधी नोंदणी करून जावं. रेल्वे संग्रहालयात गेलात तर हा लोहमार्ग टाकायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते, ते आठवेल. आणि काहीच नको असेल तर झोपा काढा. घड्याळ अडीच तास मागे गेलेलं असतं.

माझ्या वयाच्या मंडळींनी तर निघण्याआधीचे दिवसही मोजावेत. पीतज्वराची लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि 2016 पासून तो जन्मभर चालतो. केनियाहून परतताना तो आपल्याकडे विचारतात. पण साठीनंतर या लशीचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून डॉक्टरांशी आधी बोला, तिकीट मग काढा. केनियाची प्रवासपरवानगीही आता घरूनच, संगणकावरून काढावी लागते. आदल्या आठवड्यावर ढकलायची ही कामं नाहीत.

सफारी हा शब्द स्वाहिलीतला. अर्थ फक्त 'प्रवास'. मूळ अरबी, आपल्या 'सफर'चाच सख्खा भाऊ. म्हणजे प्रवासाचे दिवस वजा केले तर सफारी उरतेच कुठे? त्यांच्यात एक म्हणही आहे, "हराका हराका हैना बराका." तो 'बराका' म्हणजे आपली बरकत. घाईला बरकत नसते. हे तिथला चालक आम्हाला हसत हसत सांगत होता, घड्याळ बघता बघता.

भाच्याच्या कागदावरची तीन नावं मी लाल पेनाने खोडली आहेत. तो घरी जाऊन बायकोशी बोलणार आहे. अंबोसेली मात्र ठेवलंय, आणि पुढे कंसात लिहिलंय : हत्ती निघून जाईपर्यंत थांबणे.